या आठवड्यात जिना आमच्याकडे

आमच्या इमारतीत दर सोमवारी सकाळी कुणाच्या ना कुणाच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली असते. पाटीवर झाडू-बादलीचं चित्र आणि खाली एकच जर्मन शब्द, ‘केरवोखे’, म्हणजे झाडायचा आठवडा. ज्याच्या दारावर पाटी, त्याच्याकडे त्या आठवड्याचा जिना. म्हणजे आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या झाडायच्या, पुसायच्या, कठडा पुसायचा, वळणावरच्या खिडकीची कड पुसायची. हे झालं छोटं केरवोखे. एका मजल्यावरची दोन घरं ते आलटून पालटून करतात. शिवाय एक मोठं केरवोखे असतं, ते सगळ्या इमारतीत फिरतं. त्यात तळघराचा जिना, मागचं अंगण, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि इमारतीसमोरचा फुटपाथ येतो. आठवडा संपला की पाटी काढून पुढच्या दाराला अडकवायची. बेल वाजवायची नाही, आठवण करून द्यायची नाही. पाटी बघितली की समजायचं ते समजतं.

हा प्रकार जर्मनीभर सापडत नाही. दक्षिणेकडच्या श्वाबेन भागाचं हे खास खूळ, आणि मी राहते स्टुटगार्टमध्ये, म्हणजे खुळाच्या राजधानीत. बर्लिनचे लोक श्वाबेनच्या लोकांची टिंगल करतात ती बरीचशी या झाडूवरून आणि उरलेली त्यांच्या चिकटपणावरून. भारतात कुणाला स्टुटगार्ट म्हटलं की मर्सिडीज, पोर्श, बॉश ही नावं तोंडावर येतात. ती खरीच आहेत. पण इथे घर भाड्याने घेतलंत की पहिली गाठ पडते ती झाडूशी. आमच्या भाडेकराराला घराचे नियम म्हणून काही पानं जोडलेली आहेत. त्यात जिन्याचा परिच्छेद रात्रीच्या गोंगाटाच्या परिच्छेदाच्याही आधी येतो.

याचं मूळ शोधत गेलं तर माणूस थेट १४९२ सालात पोचतो. कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघून भलत्याच किनाऱ्याला लागला ते वर्ष. इकडे वुर्टेमबर्गवर, म्हणजे स्टुटगार्टच्या मुलखावर, काउंट एबरहार्टचं राज्य होतं. लोक त्याला दाढीवाला एबरहार्ट म्हणतात. ट्युबिंगेनचं विद्यापीठ १४७७ साली यानेच काढलं. त्याच्या काळात स्टुटगार्टच्या शहर-कायद्यात कलम आलं की ज्याने त्याने आपल्या दारचा उकिरडा दर आठवड्याला उचलून न्यावा. १७१४ मध्ये गल्ल्या साफ ठेवण्यासाठी वेगळा हुकूम निघाला. पुढे १९८८ साली, मान्फ्रेड रोमेल महापौर असताना (हो, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सेनापती रोमेलचाच मुलगा), आठवड्याच्या पाळीची सक्ती शहराने नियमांतून काढून टाकली. फुटपाथ गरजेप्रमाणे साफ ठेवा, एवढंच उरलं. फरक काय पडला? काहीही नाही. कायदा गेला, पाटी राहिली. आता ती भाडेकरारात असते, आणि त्याहून जास्त शेजाऱ्यांच्या नजरेत.

आमच्या घरमालकीणबाई तळमजल्यावर राहतात. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. मी त्यांना आडनावाने हाक मारते, त्याही मला ‘फ्राउ’, म्हणजे श्रीमती, लावून आडनावाने बोलावतात. माझ्या आडनावातला ‘ळ’ त्यांनी केव्हाच सोडून दिलाय. घर देताना त्यांनी पगाराचे कागद पाच मिनिटांत चाळले आणि जिना दाखवायला अर्धा तास घेतला. सुरुवात वरून. आधी कोरडं झाडायचं. कोपऱ्यात मोठा झाडू पोचत नाही, तिथे हातझाडू आणि सुपली. पायपुसणं उचलून बाजूला ठेवायचं, त्याच्या कडेकडेने झाडणं म्हणजे शुद्ध फसवणूक. मग ओलं फडकं. पायऱ्या जुन्या ओकच्या लाकडाच्या, त्यामुळे फडकं असं पिळायचं की थेंबही गळता कामा नये. पाणी फटीत शिरलं तर लाकूड फुगतं आणि मग रात्री उशिरा कोण घरी आलं ते अख्ख्या इमारतीला कळतं. कठड्याला वेगळं फडकं. खिडकीतली कुंडी उचलून तिच्या खालचं गोल डागाचं वर्तुळ पुसायचं. सगळ्यात शेवटी पायऱ्यांच्या कडेची पितळी पट्टी, ती कोरड्या कापडाने घासायची. हे सगळं बाईंनी गुडघे टेकून करून दाखवलं आणि फडकं माझ्या हातात दिलं.

माझं पिळणं त्यांना पसंत पडलं. ‘कुणी शिकवलं?’ म्हणून विचारलं. मी म्हटलं, घरची फरशी आईने लहानपणापासून पुसायला लावली होती. ‘आणि जिना?’ जिना पुसायला एक बाई यायच्या, मी सांगितलं. ‘त्या तुमच्याच इमारतीत राहायच्या?’ नाही, लांब राहायच्या. बाई क्षणभर थांबल्या. त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच हिशोब लागत नव्हता.

‘मग त्यांचा जिना कोण पुसायचं?’

मी काहीतरी उत्तर दिलं, त्यांच्याकडे जिना नसतो वगैरे. ते खरंही होतं. चाळीच्याही पलीकडची वस्ती, तळमजल्याच्या खोल्या. पण प्रश्न डोक्यात राहिला तो राहिलाच.

जिना पुसायचा वार शनिवार, तोही दुपारच्या आत. आठवड्यात कधीही केलंत तरी चालतं म्हणतात, पण शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला गल्लीत उभं राहावं: एका बाजूला खराटे चालू असतात, दुसऱ्या बाजूला पायपुसणी झटकली जातात, बेकरीतून पिशव्या घेऊन परतणारे लोक ओल्या पायऱ्यांच्या कडेने चवड्यांवर चढत असतात. रविवारी मात्र झाडूला हात लावायचा नाही. इथे रविवारची शांतता ही शेजारधर्माची गोष्ट नाही, ती घटनेत आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं कलम १३९ पुढे १९४९ च्या घटनेने कलम १४० च्या आधाराने जसंच्या तसं ठेवलं. रविवार आणि मान्य सण हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने राखलेले आहेत. म्हणून दुकानं बंद, भिंतीला ड्रिल मारणं बंद, आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यांत टाकणंही बंद, कारण त्या आत पडताना आवाज होतो. काचेचे डबे तीन: पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी बाटली हिरव्यात. नवीन आलेला माणूस निळी बाटली हातात घेऊन उभा असला की कुणीतरी म्हातारे गृहस्थ सायकल थांबवून त्याला हे सांगतातच.

हिवाळ्यात मोठ्या केरवोखेला धार येते. बर्फ पडला की ज्याच्याकडे पाटी, त्याने कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत इमारतीसमोरचा फुटपाथ मोकळा करायचा. मीठ टाकायला सहसा बंदी, झाडांच्या मुळांना त्रास होतो. त्याऐवजी बारीक खडी पसरायची. कुणी घसरून हाड मोडलं तर नुकसानभरपाईचा प्रश्न झाडूवाल्याच्या दारात येऊ शकतो, म्हणून जबाबदारीचा विमा जवळजवळ प्रत्येक घरात असतो. पहाटे साडेपाचला उठून, दोन पायमोजे चढवून, अंधारात फावड्याने बर्फ ओढताना समोरच्या फुटपाथवर दुसरा कुणीतरी तेच करत असतो. दोघं एकमेकांना ‘मॉर्गन’ म्हणतो. यापलीकडे संभाषण होत नाही, आणि इथल्या मानाने ते भरपूर आहे.

गेल्या उन्हाळ्यात आई आली. व्हिसाच्या मर्यादेतला मुक्काम, तरी सामान वर्षभराचं. पहिल्याच शनिवारी तिने मला दारात बादली घेऊन बसलेलं पाहिलं.

“अगं, एवढी शिकलीस, एवढी मोठी नोकरी, आणि जिने पुसतेस?”

“पाळी आहे आपली.”

“जावईबापू कुठायत?”

“मागे अंगण झाडतोय.”

ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. खाली जावईबापू खराट्याने पानं गोळा करत होते. इथला खराटाही आपल्यासारखाच, फक्त बर्च झाडाच्या काटक्यांचा. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ठाण्याला फोन केलास तर हे सांगू नकोस हं.” माझ्यापेक्षा जावयाच्या हातातला खराटा तिला जास्त लागला होता. मुलीने फरशी पुसली तर ते वळण. जावयाने अंगण झाडलं तर ती अवस्था.

पुढच्या आठवड्यात तिच्या अवस्थेला जरा धक्का बसला. दुसऱ्या मजल्यावर एक डॉक्टर राहतात, मोठ्या हॉस्पिटलात सर्जन आहेत. रात्रपाळी करून आलेले, डोळे सुजलेले, बाह्या वर केलेल्या, आणि पायरीवर ओणवे. आई बाजारातून वर येत होती. त्यांनी फडकं बाजूला घेऊन तिला वाट दिली आणि ‘गुटन टाग’ केलं. आई वर आली ती हातातली पिशवी न ठेवताच बोलायला लागली. “डॉक्टर स्वतः? बायको नाहीये का घरी?” बायको होती. तिची पाळी आधीच्या वेळी झाली होती. तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब तुर्की मूळ असलेलं, त्यांचे आजोबा साठच्या दशकात गाड्यांच्या कारखान्यात कामाला आलेले. सगळ्यात वर विद्यार्थी. या सगळ्यांच्या दारांवरून ती एकच पाटी फिरते, हे आईला पटायला जड गेलं. मग एका शनिवारी मी ऑफिसच्या कामात अडकले होते, तर बाहेर येऊन बघते तो जिना पुसलेला. “तुझ्या त्या मालकीणबाई बघत होत्या,” आई म्हणाली. “म्हटलं, आपण काही कमी नाही.” पितळी पट्टी तिने चिंचेने घासली होती. ती पट्टी तशी मी परत कधी चमकलेली पाहिली नाही.

त्या रात्री जेवताना आपसूक ठाण्याच्या सोसायटीचा विषय निघाला. आमच्या तिथल्या लिफ्टच्या आत एक कागद चिकटवलेला असायचा, घरकाम करणाऱ्यांनी आणि सामान आणणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये. अशा सोसायट्या एक-दोन नाहीत, हे सांगायला नको. जी बाई सात मजल्यांचा जिना पुसते तिने बादली घेऊन तोच जिना चढायचा, आणि जे लोक जिना कधीच वापरत नाहीत त्यांच्यासाठी तो रोज चकचकीत हवा. आई म्हणाली, “तो कागद कमिटीने लावला होता.” कमिटीत तेव्हा बाबा होते. दोघींनीही तो धागा पुढे ओढला नाही.

मला यात सगळ्यात विचित्र वाटतं ते आपलं झाडूशी असलेलं नातं. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणतो. झाडूला पाय लागला तर नमस्कार करतो. वस्तू पवित्र, आणि ती हातात धरणारा माणूस उंबऱ्याबाहेर. गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगाव दिवसा हातात खराटा धरला आणि रात्री कीर्तन केलं. आपण त्यांचं नाव २००० साली ग्रामस्वच्छता अभियानाला दिलं, शाळांत त्यांच्या तसबिरी लावल्या, आणि त्या दिवशी वर्ग झाडायला शिपायालाच सांगितलं.

इथे आल्यावर मला आप्पासाहेब पटवर्धन वारंवार आठवायला लागले. कोकणचे गांधी म्हणतात ते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करायचं काम मागितलं. तुरुंगाच्या हिशोबात ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांचं. ब्राह्मण कैद्याला ते मागूनही मिळेना. या नकाराविरुद्ध त्यांनी अन्न कमी केलं, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या बाजूने उपोषण केलं. विचार करा, माणूस तुरुंगात आहे आणि भांडतोय कशासाठी, तर झाडू मिळावा म्हणून. पुढे कणकवलीजवळ गोपुरीत त्यांनी संडासाचे आणि खताचे प्रयोग केले. शाळेच्या पुस्तकात असा माणूस एका ओळीत उरकला जातो. त्याने जे तुरुंगात मागितलं ते स्टुटगार्टमध्ये सर्जनच्या दाराला दर दोन आठवड्यांनी न मागता अडकवलं जातं.

स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ सालापासून अधिकृत मैत्रीची शहरं आहेत. दोन्हीकडून शिष्टमंडळं जातात-येतात, इकडे उन्हाळ्यात भारतीय सिनेमांचा महोत्सव भरतो. या सगळ्या देवाणघेवाणीत जिन्याची पाटी कुणी मुंबईला नेली नाही, आणि नेली असती तर ती कमिटीने जिना झाडणाऱ्या बाईंच्या गळ्यात घातली असती, अशी माझी पक्की खात्री आहे.

आता इथवर वाचून ‘बघा, तिकडचे लोक कसे’ असं म्हणायची घाई करू नका. सहा वाजले की आमच्या ऑफिसात सफाईचं पथक येतं. त्यात बहुतेक बायका, पूर्व युरोपातून आणि बाल्कन देशांतून आलेल्या, काही आफ्रिकेतल्या. लोक त्यांना ‘गुटन आबेंट’ म्हणतात, दार धरून उभे राहतात, आपल्या टेबलावरचा कप स्वतः उचलून डिशवॉशरमध्ये ठेवतात. पण नाव कुणाला माहीत नाही. मी विचारून घेतलं, तर सहकारी जरा चकितच झाला. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले ते कारखान्यांतल्या, खाणींतल्या, बांधकामांवरच्या अशा कामांसाठी, ज्यांना इथली माणसं मिळेनाशी झाली होती. १९७३ साली ही भरती थांबली, माणसं राहिली. आज स्टुटगार्टमधल्या जवळपास निम्म्या रहिवाशांची मुळं जर्मनीबाहेर आहेत. आपल्या घरासमोरचा जिना स्वतः पुसायचा आणि ऑफिसचा संडास परक्याकडून, अशी ती समता आहे.

फरक आहे तो त्या परक्याला काय मिळतं यात. इमारतीची सफाई हा इथे रीतसर कारागिरीचा धंदा आहे, सुतारकाम किंवा बेकरीसारखा. त्याचं तीन वर्षांचं शिक्षण आहे, परीक्षा आहे, पुढे ‘माइस्टर’ म्हणजे उस्ताद व्हायची सोय आहे. कोणत्या दगडावर कोणतं आम्ल चालतं, काचेच्या इमारतीला झोपाळा कसा बांधायचा, इस्पितळात निर्जंतुकीकरण कसं करायचं, हे सगळं शिकवतात. २०२५ साली देशातलं सर्वसाधारण किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. इमारत-सफाईसाठी वेगळा दर ठरलेला, १४.२५ युरो. म्हणजे झाडूला किमानपेक्षा जास्त. यात कुणी श्रीमंत होत नाही, स्टुटगार्टची घरभाडी बघता तर मुळीच नाही. पण आजारपणाची रजा पगारी आहे आणि विमा आहे. आपल्याकडे हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ मध्ये आणखी कडक झाला, तरी गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या वाचायला मिळतातच. बातमीत बहुतेक वेळा ‘कंत्राटी’ हा शब्द असतो.

केरवोखेचा दुसरा चेहराही मी पाहिलाय. ते शेजाऱ्यांवर नजर ठेवायचं साधन आहे, आणि नजर सगळ्यांवर सारखी पडत नाही. वरच्या विद्यार्थ्यांचा आठवडा कोरडा गेला तर ‘मुलं आहेत’. तिसऱ्या मजल्यावरच्यांचा गेला तर कुणीतरी अर्थपूर्ण खाकरतं. त्या घरातल्या सूनबाई मला एकदा म्हणाल्या, “आम्ही दोनदा पुसतो. एकदा जिन्यासाठी, एकदा लोकांसाठी.” त्या इथेच जन्मल्या, त्यांचं श्वाबेनी बोलणं मालकीणबाईंइतकं ठसकेबाज आहे, तरीही. मीही नव्या नव्या असताना पाटी दाराला असली की भर उन्हाळ्यात, कण नसलेल्या पायऱ्या पुसत बसायची. जिन्याच्या भिंतीवर अधूनमधून चिठ्ठ्या उगवतात, ‘प्रिय शेजारी’ असा मायना आणि खाली सही नाही. ‘काही जणांना बहुधा माहीत नसावं की पायपुसणं उचलता येतं.’ हस्ताक्षर सगळे ओळखतात. कुणी काही बोलत नाही. भारतात अशा वेळी दोन मजले भांडले असते, चार दिवस अबोला झाला असता आणि मग संक्रांतीला तिळगूळ देऊन मिटलं असतं. इथे भांडण होत नाही, त्यामुळे मिटतही नाही.

हल्ली नव्या इमारतींत पाटी दिसेनाशी झाली आहे. मालक सफाईचं कंत्राट देऊन टाकतात, खर्च भाडेकरूंच्या वार्षिक हिशोबात वाटला जातो, आणि मंगळवारी सकाळी गाडीतून दोन माणसं उतरून तासाभरात जिना उरकून जातात. नवराबायको दोघं नोकरी करणारी, म्हातारी माणसं एकटी, कुणाचे गुडघे गेलेले. कारणं खरी आहेत. आणि ते आत्ताच परवडायला लागलंय, हे कारणही खरं आहे. पैसे कमी होते तोवरच प्रत्येकजण आपला जिना पुसत होता का, हा प्रश्न मी इथल्या एका मैत्रिणीला विचारला. ती म्हणाली, “आमच्या आजीकडे पैसे होते. तिने तरी जिना कुणाला पुसू दिला नसता.” मग जरा थांबून, “तिला कुणाचं पुसणं पसंतच पडलं नसतं.”

गेल्या महिन्यात आमच्याही इमारतीत हा विषय आला. मालकीणबाईंचा मुलगा, तो म्युनिकला असतो, तो म्हणत होता की आता कंत्राट देऊन टाकू. बाईंनी ठरवायच्या आधी सगळ्यांना अंगणात बोलावलं. केक केला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. डॉक्टरांनी हात वर केला, मला चालेल, मला झोप मिळत नाही. विद्यार्थी म्हणाले, खर्च किती? आकडा कळल्यावर म्हणाले, आम्ही पुसतो. तिसऱ्या मजल्याच्या सूनबाई म्हणाल्या, कंत्राट आलं तर बरं, निदान कुणी खाकरणार नाही. आणि सगळे आपापल्या केककडे बघायला लागले. बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, “कोण खाकरतं?” खाकरणारे गृहस्थ त्यांच्याच शेजारी बसले होते.

मला काय वाटतं असं विचारल्यावर मी म्हटलं, जिना ठेवू या, बर्फ देऊन टाकू या. सातच्या आत फावडं ओढायला आता कुणाचीच कंबर राहिलेली नाही. यावर अर्धा तास चर्चा झाली. विद्यार्थ्यांनी जिना व्हॅक्युमने झाडायची परवानगी मागितली, बाईंनी साफ नाकारली, पितळी पट्टीला ओरखडे पडतात. शेवटी ठरलं ते असं: नोव्हेंबर ते मार्च फुटपाथचा बर्फ कंत्राटदाराकडे, बाकी सगळं जसं आहे तसं. पाळीच्या कागदावर यापुढे कोणत्या आठवड्यात कुणी काय केलं त्याची सही करायची नाही, ही सूनबाईंची अट मान्य झाली. आणि मुलाला फोन करून कळवायचं काम बाईंनी माझ्यावर टाकलं, कारण, त्यांच्या शब्दांत, “तुम्ही बाहेरच्या आहात, तुमच्यावर तो ओरडणार नाही.”

तो ओरडला नाही. फक्त विचारलं, मग पट्टी कशाने घासायची ते तरी ठरलं का? चिंच, मी सांगितलं. तो म्हणाला, हे काय असतं, ते कुठे मिळतं?